उलटे पाय

“अगं आई, मी ममी बघायला आलेय!”

“कोणाची मम्मी? मुलगा काय करतो?”

ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये, इजिप्तच्या दालनात मी फोनवर बोलत होते आणि तिकडे नागपुरात आईच्या आवाजात सनई वाजायला लागली होती.

“मेलेली ममी गं!”

“अरेरे... कशानं गेली?”

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. मी वळले. उंच, केस कापायला झालेले, शर्टाच्या बाहीवर पेन्सिलीचा काळा डाग. माणूस दिसला की मनात जमा-नावे मांडायची मला खोडच आहे. जमेला – हसू छान, मराठी कळतं. नावे – चोरून ऐकतो.

“सॉरी... मला मराठी समजते. बोलायला वीक आहे.”

तो अनीश. आईवडील पुण्याचे, हा जन्मला ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला – मी राहते तिथेच. शवपेट्यांवरची चित्रलिपी कागदावर उतरवून घेणं हे त्याचं काम. बाहेर आभाळ फाटलं होतं, हायवेवर पाणी चढलं होतं, घरी जायची सोय नव्हती. आत मी कुडकुडत होते.

“इथे एवढं गार का ठेवता?”

“गारवा त्यांना टिकवतो. वॉर्म झालं की... गेलं सगळं.”

मग तो मला पेटीपेटीपाशी थांबवत सांगत गेला. ममी करताना मेंदू नाकावाटे काढून फेकून द्यायचे. हृदय मात्र जागच्या जागी. कारण विचार हृदय करतं, अशी त्यांची समजूत. मेल्यावर तेच तराजूत – एका पारड्यात हृदय, दुसऱ्यात एक पीस.

“आणि हृदय जड निघालं तर?”

त्यानं पेटीवरच्या तराजूच्या चित्राकडे बोट दाखवलं. “हा बसलाय ना खाली. मगरीचं तोंड. तो खातो.”

“आमच्या ऑफिसात त्याला मॅनेजर म्हणतात.”

तो इतका मोठ्यानं हसला, की गार्डनं मान वळवून बघितलं. पाऊस ओसरला तशी मी पर्स उचलली.

“बरं... येते.”

“ओके!” त्याचा चेहरा उजळला. एवढं उजळण्यासारखं काय झालं, ते तेव्हा कळलं नाही.

कळलं पुढच्या महिन्यात, पुन्हा गेले तेव्हा. हा फुगलेला.

“तू येते म्हणालीस. मी संडेला पण थांबलो. डोअरजवळ!”

“अरे देवा... येते म्हणजे जाते!”

“मग जाते म्हण ना यार!”

“जाते म्हणू नये. जाते म्हणजे... कायमचं. म्हणून येते म्हणायचं.”

मग त्यानं पेन्सिल घेतली आणि कागदावर एक ओळ काढली – पक्षी, माणूस, आणि दोन चालते पाय, सगळे एकाच दिशेला तोंड करून. “हे वॉकिंग. आणि ओळ तीच ठेवून पाय उलटे वळवले...” त्यानं तेही काढलं, “...की परत फिरणं.”

“आमच्याकडे उलटे पाय हडळीचे असतात.”

त्यानं मान खाली घालून माझ्या सँडल्सकडे बघितलं. बराच वेळ.

“काय बघतोस?”

“चेक करतोय.”

त्या गारठ्यात माझे कान तापले. जमेची बाजू त्या दिवसापासून वाढतच गेली. दर शनिवारी निघताना मी येते म्हणायचे आणि तो विचारायचा, “पाय कुठले?”

“उलटे,” मी म्हणायचे.

मग एका सोमवारी आमची अख्खी टीमच कॅन्सल झाली. नोकरीवर व्हिसा आणि व्हिसावर मी. इंटरव्ह्यू देत राहिले. सगळे गोड बोलले, कोणी घेतलं नाही.

तराजूच्या त्या चित्रासमोर अनीशनं माझा हात धरला. बोटं पेन्सिलीनं काळी होती.

“आश्लेषा, लग्न करू या? आय लव्ह यू. व्हिसाचा प्रॉब्लेम पण सुटेल.”

पण! त्याला ‘सुद्धा’ म्हणायचं होतं. मला ‘परंतु’ ऐकू आलं.

“आज नको, अनीश.”

“का? लव्ह नाही?”

“आहे रे... म्हणूनच. आज हो म्हटलं तर माझ्या पारड्यात हृदयाशेजारी व्हिसा बसणार. मग वजन कोणाचं, कसं सांगायचं?”

“मला डाउट नाही.”

“मला आहे. माझाच.”

वर्षानुवर्षं दुसऱ्यांना तोलत आले, तेव्हा हात कधी जड झाला नव्हता.

भारतात परत जायच्या दिवशी पहाटे तो माझ्या अपार्टमेंटखाली उभा होता. एअरपोर्टला सोडू नकोस म्हणून मीच बजावलं होतं. त्याच्या गाडीत बसले असते तर विमानात बसले नसते. टॅक्सीवाल्यानं बॅगा ठेवल्या. मी मागे बसले, काच खाली केली.

“बोल ना,” तो म्हणाला. “काय म्हणतात निघताना?”

येते म्हटलं तर हा पुन्हा दाराजवळ थांबेल... या रविवारी, पुढच्या रविवारी. म्हणून मी म्हणाले –

“जाते.”

त्यानं डोळे मिटले. “असं म्हणू नये,” तो हळूच म्हणाला. इंग्रजीचा आधार न घेता माझंच वाक्य त्यानं मला परत केलं.

मी काच वर केली. ह्यूस्टनच्या त्या दमट हवेत आतल्या एसीनं काच बाहेरून धुरकटत गेली. त्याचं बोट काचेवर टेकलं... एक पक्षी, एक माणूस, दोघांची तोंडं गाडीच्या पुढच्या बाजूला. मग दोन पाय. मागे वळलेले.

टॅक्सी निघाली. मान वळवली नाही; बघायचं होतं ते काचेवरच होतं. हायवेला लागलो तसं पूर्वेला तांबडं फुटलं आणि पक्ष्याच्या पंखातून एक थेंब ओघळला.

मी कुडकुडत होते. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, “एसी बंद करू का, मॅम?”

“नको,” मी म्हणाले. “अजून गार करा.”

आणि त्या पायांवर आतून बोट ठेवून, कोणालाच ऐकू जाणार नाही असं म्हटलं –

“येते.”