दोरीच्या टोकाचा माणूस

इटलीसमोरच्या किनाऱ्यावरच्या कलीबिया गावात, बंदरामागे एक जुनं चित्रपटगृह आहे. एका दुपारी रौधाबाई आपल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गाला तिथे घेऊन गेल्या. नीतीचे प्रश्न नुसत्या पुस्तकातून मुलांच्या गळी उतरत नाहीत, म्हणून दरवर्षी त्या हा एक इटालियन चित्रपट दाखवत. वादळात सापडलेली, माणसांनी काठोकाठ भरलेली होडी, आणि मागे दोरीला धरून लटकलेला एक खलाशी. कप्तान दोरी कापायला सुरी काढतो. आचारी त्याचा हात धरतो.

बाईंनी तिथेच चित्र थांबवायला सांगितलं.

"बोला. कोण बरोबर?"

"कप्तान," शेवटच्या रांगेतून अनीस ताडकन म्हणाला. "एक गेला तर बाकीचे वाचतात. सरळ हिशेब आहे."

"हिशेब म्हणे! माणूस आहे तो, सार्डिन मासळीची पेटी नाही," सुंदुस उसळली. "आचारीच बरोबर. जीव घ्यायचा नाही म्हणजे नाही. मग होडी बुडाली तरी चालेल."

"तू कधी बसलीस का गं तसल्या होडीत?" अनीसने विचारलं.

सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. गेल्या उन्हाळ्यात अनीस आणि सुंदुसचा भाऊ गस्सान चोरून होडीने इटलीला निघाले होते. अनीस परत आला. गस्सानला लाटेने ओढून नेलं, असं त्यानेच सांगितलं होतं.

बाई घाईघाईने म्हणाल्या, "तिसराही रस्ता आहे. परिणाम बाजूला ठेवा, नियमही ठेवा. हे केल्यावर मी कसला माणूस उरेन, एवढंच स्वतःला विचारा." आणि त्यांनी चित्रपट पुढे सुरू करायची खूण केली.

सुरी दोरीवर टेकली. आणि पाण्यातल्या माणसाने मान वळवली.

इतक्या वर्षांत बाईंनी त्याची फक्त पाठ पाहिली होती. अंधारात खाऱ्या पाण्याचा, कुजक्या शेवाळाचा वास दाटून आला. माणूस बोलू लागला. इटालियनमध्ये नाही, बंदरावरच्या बोलीत, अगदी हळू...

"अनीस... आपल्याकडे दोरी कुठे होती रे... काठाला फक्त माझा हात होता..."

"गस्सान!" सुंदुस उभी राहिली.

अनीस किंचाळला. "मी लाथ मारली नसती तर सगळेच गेलो असतो! लहान पोरं होती होडीत... मॅडम, सांगा ना हिला. मी बरोबर होतो ना?"

 आत्ताच वर्गात आलेल्या तीन उत्तरांतलं एकही बाईंच्या जिभेवर येईना.

सुंदुस अनीसजवळ गेली. आता मारणार, असं सगळ्यांना वाटलं. तिने एवढंच विचारलं, "जाताना तो काही बोलला का?"

"तुझं नाव घेतलं," अनीस हुंदके देत म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो तिच्या आईपुढे उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. आईने शिवी दिली नाही, माफही केलं नाही. तिने नुसतं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई खात्री करून घ्यायला एकट्याच चित्रपटगृहात परत गेल्या आणि त्यांनी तोच चित्रपट लावायला सांगितला. ते दृश्य आलं. माणूस आजही पाठमोरा नव्हता. तो बोलत मात्र नव्हता. त्याची नजर रिकाम्या रांगांवरून सरकत होती, कुणाला तरी शोधत. बाईंवरून ती तशीच पुढे गेली आणि मागे कुठेतरी थांबली. त्याने हलकेच मान डोलावली.

बाईंनी वळून पाहिलं. शेवटच्या रांगेतल्या, काल अनीस बसला होता त्या खुर्चीची घडीची बैठक हळूहळू वर येत होती... नुकतंच कुणी उठून निघावं, तशी.