दोन्ही फ्यूज माझ्याच खिशात होते

दुपारी वहिनीचा फोन आला. "भावजी, वर्कशॉपमधले दिवे परत कमी-जास्त होतायत. उद्यापासून मला काम सुरू करायचंय. येऊन बघता का?" मी हत्यारांची पिशवी उचलून निघालो.

मी वायरमन. भावाच्या घरामागच्या त्या वर्कशॉपचं सगळं वायरिंग माझंच. तीन महिन्यांपूर्वी दादा तिथेच गेला. दिवे असेच नाचत होते, म्हणून एका लाइनीचा फ्यूज काढून, कुणी चुकून परत लावू नये या आमच्या वडिलांच्या शिस्तीप्रमाणे खिशात टाकून तो स्टुलावर चढला आणि छताजवळचा जोडणीचा डबा उघडला. दुसरी लाइन चालूच होती, तिचाच शॉक बसला. दोन्हींची परतीची तार, न्यूट्रल, एकच, एवढं कळू नये? अडाणी! तीन महिने मी हेच बोलत होतो, वहिनीच्या तोंडावरसुद्धा. गेलेल्या माणसावरचा राग फार वाईट, काढायचा तरी कुणावर?

मीटर लावला. टेबलाच्या लाइनीवर एकशे चाळीस व्होल्ट, ग्राइंडरच्या लाइनीवर दोनशे साठ; हवे दोन्हीकडे दोनशे तीस. म्हणजे न्यूट्रलचा जोड सैल. दोन्ही फ्यूज उपटून खिशात टाकले आणि त्याच स्टुलावर चढलो; वहिनीने खालून स्टूल धरलं. डब्यात जळका वास कोंडला होता. दादाने अर्धी सोडलेली टेप मी पूर्ण सोलली.

आत नुसता हाताने मारलेला पीळ. तोही उलटा. मी डावखुरा, या घरात असा पीळ दुसरं कुणी मारत नाही. तार वाचवायला दोन लाइनींना एकच न्यूट्रल दिला होता, तो मीच. पक्का जोड नंतर करू म्हटलं होतं. दादाला सांगायचंही राहून गेलं होतं.

खालून वहिनीने विचारलं, "कुणाची चूक होती, भावजी?"

"दादाचीच."

टेबलावरचा दिवा लागला. मंद, पिवळा.

"भावजी... दोन्ही फ्यूज तुमच्याकडेच आहेत ना?"

मी खिसा चाचपला. "हो..."

"मग परत सांगा... कुणाची?"

दिवा वाढत चालला. मागे ग्राइंडर घरघरू लागला. भीती वाटायला हवी होती, पण माझं डोकंच फिरलं. मेल्यावरही दादा माझ्या डोक्यावर बसणार?

"माझी!" मी ओरडलो. "जोड माझा! आत्ता खोटं बोललो तोही मीच!"

सगळं विझलं.

स्टूल वहिनीने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मग म्हणाली, "नीट जोडा. आणि परत या घरात पाऊल टाकू नका."

जोड पक्का केला, खाली उतरून दोन्ही फ्यूज बसवले. दोन्हीकडे दोनशे तीस. निघालो तरी खिसा जडच लागत होता. आत तिसरा फ्यूज होता, कडेला काळा पडलेला. त्या दिवशी दादाने शर्टाच्या खिशात टाकलेला तो फ्यूज आम्ही काढलाच नव्हता, त्याच्या जागी नवा बसवला होता, आणि तो शर्ट दादाबरोबरच चितेवर गेला होता.

हा घ्या, हातात धरून बघा. वर्ष झालं. अजून गरम आहे.