चंद्रावर पाठवलेला पाळणा

स्वर बरोबर होता. ताल बरोबर होता. शब्दांतही कुठे चूक नव्हती. तरी गाणं बिघडलं होतं, आणि कशाने बिघडलं ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"परत लाव," मिहिका म्हणाली.

खटपट्याने परत लावलं. खटपट्या हा घरचा यंत्रमानव. नावाप्रमाणेच दिवसभर त्याची काही ना काही खटपट चालू असायची. स्पीकरमधून आधी आजीचा आवाज आला, मऊ आणि भरलेला. ती पाळणा म्हणत होती. मग शेवटचं कडवं सुरू झालं. ते मिहिकाने गायलेलं होतं, आणि तिथेच सगळं फसत होतं. वापरून मऊ झालेल्या गोधडीला नवंकोरं नायलॉनचं ठिगळ लावावं, तसं ते कानाला टोचत होतं.

"मी इतकी वाईट गाते?" मिहिकाचा चेहरा पडला.

"छे गं! वाईट गायली असतीस तर सोपं होतं. रियाज करून घेतला असता तुझ्याकडून," आजोबा म्हणाले. तिचे आजोबा, डॉ. दिनकर शेजवळ, ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते. मिरजेच्या त्यांच्या घरात एक खोली फक्त आवाजासाठी राखून ठेवलेली होती. जाड पडद्यांच्या त्या खोलीत आजोबा आणि नात सकाळपासून डोकं धरून बसले होते.

घाई होती ती गौतमीमावशीच्या बाळामुळे. मावशी चंद्रावरच्या वसाहतीत वनस्पती वाढवायचं काम करत असे. तिथेच तिला मुलगी झाली होती आणि आज संध्याकाळी बारसं होतं. शेजवळांच्या घरात बारशाला हाच पाळणा म्हणायचा, असा रिवाज होता. पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव येई. नाव घ्यायच्या आधी गाणारी क्षणभर थांबे, सगळ्याजणी मिळून पाळण्याला एक झोका देत, आणि मग नाव. हा पाळणा आजीने रचला होता आणि तीच तो म्हणत असे. पण आजीला जाऊन तीन वर्षं झाली होती.

मावशीचा निरोप आला होता, "मिहू, आईच्या आवाजाशिवाय मला बारसं करवणार नाही. पण टेपवर नाव तुझ्या आईचं आहे. ते शेवटचं कडवं तू म्हण. बाळाला आत्या नाही, त्यामुळे नाव पहिल्यांदा सगळ्यांना तुझ्याच तोंडून कळणार आहे. आणि हो, माझ्या बाबांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, तर मुळीच सांगायचं नाही!"

एवढा मोठा मान मिळाल्यावर मिहिका दोन दिवस हवेतच होती. कडवं गाताना तिने आजोबांना खोलीबाहेर काढलं होतं आणि नावाच्या जागी खटपट्याकडून कुलूप घालून घेतलं होतं. आजोबांसमोर गाणं लावलं की तेवढी जागा मुकी राहायची. पण आता तिला वेगळीच भीती वाटत होती. हे असलं ठिगळ मावशीने ऐकलं तर तिला आई जवळ वाटायची सोडून आणखीच लांब गेल्यासारखी वाटेल.

"मी एक सुचवू?" खटपट्या म्हणाला. "आजींच्या आवाजाचे नमुने माझ्याकडे आहेत. नवं नाव मी हुबेहूब त्यांच्याच आवाजात म्हणवून घेतो."

"नको," आजोबा पटकन म्हणाले. इतकं तोडून ते सहसा बोलत नसत. "जे ती बोलली नाही, ते तिच्या तोंडी घालायचं नाही. केतकीला ते चाललं नसतं."

केतकी म्हणजे आजी. मिहिकाने खाली पाहिलं.

"मग माझाच आवाज जुना करू या," ती म्हणाली. कुठल्याशा चित्रफितीत पाहिलेलं तिला आठवलं. तिने संगणकावर बसून आपल्या कडव्यात खच्चून खरखर भरली, मधूनमधून कडकड टाकली आणि मोठ्या ऐटीत लावून दाखवलं.

आजोबा पोट धरधरून हसले. "अगं, पाळणा आहे का पापड तळतेयस? ही कडकड ग्रामोफोनच्या तबकडीची. सुई धुळीवरून गेली की ती व्हायची. टेपला सुई असतेच कुठे? आणि जुनं म्हणजे काय नुसता कचरा? तुझ्या आजीचा आवाज कचऱ्यामुळे गोड लागतो का?"

"मग कशामुळे लागतो?" मिहिका फणकारली.

"हां! आता प्रश्न बरोबर विचारलास."

आजोबांनी कोपऱ्यातल्या यंत्रावरचं फडकं बाजूला केलं. दोन मोठी चाकं आणि त्यांच्यामधून गेलेली तपकिरी फीत. "ऋजुता, म्हणजे तुझी आई, पाळण्यात होती तेव्हा यावर केतकीला रेकॉर्ड केलं. तेव्हासुद्धा लोक मला हसायचे. संगणक आलेत आणि हा माणूस अजून टेप घेऊन बसलाय म्हणून. आता हे यंत्र वाजवतं फक्त, नव्याने काही भरून घेत नाही. त्याचा तो भाग गेलाय आणि बनवणारे राहिले नाहीत." फीत बोटांवर घेऊन ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांना समोर नात बसली असल्याची आठवण झाली.

"ही प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर लोखंडाच्या गंजासारखी बारीक भुकटी चिकटवलेली. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकलं चुंबक. आपण गातो, मायक्रोफोन त्या आवाजाची वीज करतो, ती वीज यंत्रातलं चुंबक कमीजास्त करते आणि समोरून सरकणारे हे कण त्याप्रमाणे माना वळवतात. हळू गायलं तर थोडे वळतात, जोरात गायलं तर पुष्कळ. आता मला सांग, सरबतात साखर घालत गेलं तर काय होतं?"

"आधी पटापट विरघळते. मग विरघळतच नाही, तळाशी बसते."

"कणांचंही तसंच. बहुतेक सगळे वळून झाले की आणखी जोरात गाऊनही फारसं काही वाढत नाही. याला संपृक्तता (आणखी भर न घेण्याची अवस्था) म्हणतात. पण ती एकदम येत नाही, हळूहळू येते. त्यामुळे आवाजाच्या लाटेचा माथा टेपवर हलकेच गोल होतो. माथा गोल झाला की मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर (त्याच्या पटीतले बारीक सोबती स्वर) थोडे वाढतात. म्हणून आवाज भरलेला वाटतो. संगणकात आवाज आकड्यांत साठवतात. तिथे मर्यादेपर्यंत सगळं जसंच्या तसं, आणि मर्यादा ओलांडली की माथा कात्रीने कापल्यासारखा सपाट."

"म्हणजे माझा आवाज खराब नाही, जास्तच स्वच्छ आहे!"

"अगदी! शिवाय टेपवर 'स' आणि 'श' यांची धार जरा बोथट होते. मोटर एकसारखी फिरत नाही, म्हणून स्वर कळेल न कळेल इतका डुलतो. आणि सगळे कण सारखे नसतात, त्यांची मागे बारीक सळसळ राहते. खरं म्हणजे हे सगळे टेपचे दोष. ते घालवण्यासाठी आम्ही तरुणपणी रात्रीचा दिवस केला. आणि ते गेल्यावर चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं, बघ!"

मग आजोबांनी एक प्लगइन (मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) उघडलं. हे यंत्र धडधाकट असताना त्यांनी त्याच्यात हळू, जोरात, जाडे, बारीक असे नाना प्रकारचे सूर भरले होते आणि बाहेर काय येतं ते मोजून ठेवलं होतं. त्या मोजमापावरून त्यांनी हे गणित बांधलं होतं. कुठलाही आवाज आत घातला की 'या यंत्रावर तो कसा झाला असता' हे प्लगइन क्षणाक्षणाला हिशेब करून सांगत असे. पडद्यावर गोल बटणं होती. मिहिकाने सवयीप्रमाणे सगळी शेवटपर्यंत फिरवायला हात घातला.

"थांब, थांब. डोळ्यांनी नाही, कानांनी फिरव. आजी श्वास घेते तिथली सळसळ ऐक आणि तेवढीच तुझ्याकडे ठेव."

मिहिका डोळे मिटून बसली. सळसळ जुळली. डुलणं जरासं दिलं, जास्त झालं म्हणून मागे घेतलं. माथे गोल झाले. शेवटचं बटण 'छाया' नावाचं होतं. आजीच्या टेपसारखंच सगळं हवं, म्हणून तिने तेही थोडं फिरवलं. मग गाणं सुरुवातीपासून लावलं.

आजी गात होती. तिचं कडवं संपलं आणि मिहिकाचा आवाज आला, त्याच खोलीतून, तिच्या शेजारी बसून म्हटल्यासारखा.

"वाऱ्याची दोरी गं, चांदण्याचा झोका,
नाव हिचं ठेवलं, साऱ्याजणी ऐका..."

मग झोक्यापुरती शांतता आली. त्या शांततेत, सळसळीच्याही मागून, खूप लांबून कुणीतरी हाक मारल्यासारखं पुसट ऐकू आलं, "केतकी".

पुढे कुलपाची मुकी जागा आली आणि गाणं संपलं.

नाव तर बंद केलं होतं! तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

"आजोबा, तुम्ही... ऐकलंत?"

"काय गं?" ते खाकरले. "माझे कान आता म्हातारे झाले. पण ते 'छाया' बटण बघ. टेप चाकावर गुंडाळून वर्षानुवर्षं पडून राहिली की एका वेढ्यातलं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडं उमटतं. मग शब्दाची पुसट सावली शब्दाच्या आधीच ऐकू येते. म्हणून आम्ही टेप वाजवून झाली की तशीच ठेवायचो, उलटी गुंडाळायचो नाही. तशी ठेवली की जास्त ठळक सावली शब्दाच्या मागून येते आणि शब्दातच बुडून जाते. तुझीही सावली मागूनच येऊ दे."

कुलूप फक्त नावाच्या जागेला होतं, सावली त्याच्या आधीच निसटली होती. तिने बटण उलट फिरवलं. कान म्हातारे झाल्याचं आजोबांनी खोटं सांगितलंय हे तिला कळलं, आणि का सांगितलंय तेही कळलं. पण मावशीने इतकं जपलेलं गुपित आपल्या हातून फुटलं, म्हणून तिला रडू येत होतं.

संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर चंद्रावरची ती लहानशी खोली दिसू लागली. जमिनीला खिळवलेला पाळणा, त्यात मुठी आवळून झोपलेलं बाळ, आणि पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी मावशी. पाळणा सुरू झाला. आईचा आवाज कानी पडताच मावशीने ओठ दाबले. नवं कडवं आलं तरी तिचा हात थांबला नाही, दोरी त्याच लयीत हलत राहिली. शांतता आली. मावशीने झोका दिला.

"केतकी," मिहिकाचा आवाज म्हणाला.

आजोबांना दुपारपासून ठाऊक होतं. तरी ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मिहिकाने त्यांना घट्ट मिठी मारली. आधी कळल्यामुळे काहीसुद्धा कमी झालं नव्हतं, आणि तिच्या मनावरचं ओझं उतरलं.

"मिहू," मावशी डोळे पुसत म्हणाली, "तू आईच्या शेजारी बसली होतीस ना गं?"

मिहिकाने जोरजोरात होकारार्थी मान हलवली. मग तिला एकदम सुचलं. "मावशी, तुझ्या खोलीत सगळ्यांना गप्प बसव आणि एकदा कडक टाळी वाजव! टाळीचा आवाज भिंतींवर आपटून कसा परततो ते मोजलं की तुझ्या खोलीचंही प्लगइन करता येईल. मग मी मिरजेत गायले तरी तुझ्या खोलीत गायल्यासारखं वाटेल. हो ना, आजोबा?"

आजोबांनी नाक पुसत मान डोलावली. पोरगी आपल्यापुढे जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

चंद्रावर सगळे गप्प झाले. मावशीने टाळी वाजवली. खोली किंचित घुमली, आणि पाठोपाठ दचकून उठलेल्या केतकीने असा काही टाहो फोडला की पडद्याच्या दोन्ही बाजूंना हशा पिकला.

"मोजमापात अडथळा आला," खटपट्या म्हणाला. "रडणं पुसून टाकू?"

"खबरदार!" आजोबा आणि नात एकदमच ओरडले.