भिंत बंद धरली होती

“चिपच गळतेय, सर. बनवणारा झोपेत होता बहुतेक,” मी लिफ्टमध्ये फोनवर सांगत होते.

“झोपेत नव्हतो,” मागून आवाज आला. “चहा पीत होतो... पण शुद्धीत.”

मी वळले. पांढरा कोट, कोपरावर शाईचा डाग, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू. माझा मजला कधी येऊन गेला, कळलंच नाही.

माझं काम संगणकावरचं. केसाएवढ्या बारीक वाहिनीत दोन वायू शेजारीशेजारी सोडले, तर टोकाला पोहोचेपर्यंत ते एकमेकांत किती मिसळतील, हे गणिताने आधीच सांगायचं. त्याचं काम खालच्या मजल्यावर. पारदर्शक रबराच्या तुकड्यात, म्हणजे चिपमध्ये, तीच वाहिनी प्रत्यक्ष घडवायची, वायू सोडायचे आणि मोजायचे. माझ्या हिशेबाने जितका वायू बाहेर यायला हवा, त्याहून त्याच्याकडे दर वेळी कमीच भरायचा.

“तुमचं गणित फुगलंय.”

“तुमचं रबर फाटलंय.”

त्याने चिप पाण्यात बुडवून दाखवली. एक बुडबुडा नाही! मग तो रोजच भांडायला वर येऊ लागला. पाऊल वाजलं की मी केस सारखे करायचे आणि चेहरा रागीट.

“रोज कुणाशी गं भांडतेस?” आईने विचारलं.

“चिप बनवणाऱ्याशी.”

“बटाट्याच्या?”

मी हसले, आणि मग तीही हसली. बाबा गेल्यापासून घरात असं हसू फिरकलं नव्हतं. पण लगेच तिची नजर त्यांच्या कपाटाकडे गेली. आत बाबांचा राखाडी स्वेटर होता, त्याला त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास होता. दार उघडलं तर तो निघून जाईल, म्हणून मी फटींना चिकटपट्टी लावून टाकली होती. आईलाही हात लावू देत नव्हते. ती नुसती कपाटाला टेकून बसायची.

एका दुपारी तो माझ्या खुर्चीमागून पडद्यावर वाकला.

“वाहिनीची ही भिंत कशी धरलीय तुम्ही?”

“बंद. भिंतीतून काहीच जात नाही.”

“रबराच्या?” तो हसायलाच लागला. “अहो, फुग्याला भोक नसतं, तरी दुसऱ्या दिवशी मलूल होतोच ना? वायू रबरातून पाझरतो. मी वाहिनीचा विचार करत बसलो, तुम्हीही. भिंतीकडे कुणी बघितलंच नाही.”

मी तेवढी एक अट बदलली. पडद्यावरची रेघ हळूहळू खाली आली... आणि त्याच्या मोजमापांच्या ठिपक्यांवर अलगद टेकली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

तो गडबडला. “अहो... आकडे जुळले की रडतात का तुमच्याकडे?”

मग मी त्याला कपाटाचं सांगितलं.

“लाकूड तर...” एवढंच बोलून तो थांबला.

“हो, वास त्यातूनही पाझरतो. आत्ताच कळलं.”

“मग वास आहे तोवर घाला तो स्वेटर. उघडताना सोबत हवी असेल तर—मी दाराबाहेर उभा राहीन.”

रविवारी तो आला. आईने त्याला नीट न्याहाळलं. “हेच का ते बटाटेवाले? बाहेर काय उभे, आत या.”

चिकटपट्टी मीच सोलली. वास होता... अगदी पुसट. आईने स्वेटरमध्ये तोंड लपवलं, बराच वेळ. मग स्वतःच तो माझ्या अंगात चढवला आणि डोळे टिपत चहा ठेवायला गेली.

बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. त्याने एक बाही सावकाश दुमडली. दुसरी हातात धरून तो अडखळला.

“एक पंचाईत झालीय. आकडे जुळले. आता वर यायला कारण काय सांगू?”

“कारण लागतंच?”

“लागतं. लाजतो मी.” कानापर्यंत लाल होऊन तो म्हणाला, “तुम्ही मला आवडता—हे चालेल?”

“चालेल की. रोज येत जा तुम्ही...”

“तुम्ही?”

“...ये. रोज ये.”

“अहो-जाहो संपलं असेल तर चहा घ्या रे,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

आम्ही उठलो. कपाटाचं दार मी उघडंच ठेवलं.