पेटीतला हिरवा पाला

सुगंधाबाईने पिशवीतून नवऱ्याचा सदरा काढून टेबलावर ठेवला. न धुतलेला. मोहाच्या दारूचा आंबूस वास चंद्रपूरच्या त्या लहानशा ऑफिसात पसरला, तशी तिने मान खाली घातली.

"वास येते, मले मालूम आहे. पण माहा माणूस पेला नव्हता, बाई. त्याचा शनिवार होता. उपासाले तो चहा बी घेत नाई."

मयुरी नन्नावरे खाजगी तपासाची कामे करायची. बाजूच्या खुर्चीत तिचे चैतूमामा बसले होते. एसटीतून निवृत्त झालेले चालक; आता तिची गाडी चालवत आणि न विचारता मत देत.

सुगंधाबाईने थांबत थांबत सांगितले. तिचा नवरा पत्रू सिंदेवाहीकडच्या त्यांच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात कामाला. दर महिन्याला एका शनिवारी पुस्तकांची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो जंगलातल्या कोसमटोल्याला जाई. नवी पुस्तके मुलांना द्यायची, जुनी परत आणायची. गेल्या शनिवारी तो परतलाच नाही. रविवारी सकाळी डांबरी रस्त्याच्या कडेला सापडला, पेटी उशाशी. पिऊन पडला, छाती बंद पडली, असे लोक बोलले आणि दुपारी अग्नीही दिला.

"आता त्याचं नाव निघालं का लोक हसतात. दीपिका, माही पोरगी, वाचनालयाची पायरी चढत नाई."

मयुरीने एकच विचारले. तोंडाला वास होता का?

"तोंडाले चिखल होता. मीच पदरानं पुसला. वास सदऱ्याले होता."

मामांनी गाडीत बसताच निकाल दिला. दारू सांडली म्हणजे बाटली होती, बाटली होती म्हणजे प्याला. मयुरी खिडकीबाहेर पिवळी पडू लागलेली भातखाचरे, धानाच्या बांध्या, पाहत राहिली.

ग्रंथपाल रंजीताने वाचनालयाचे कुलूप काढले. खोलीत सतरंज्या झटकून ठेवल्या होत्या; येत्या रविवारी महिन्याची वाचनसभा होती. एरवी पेटी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जायची. या वेळी सभेच्या तयारीसाठी ती एक आठवडा आधी पाठवली होती, असे रंजीताने सांगितले. "मीच म्हणाले होते, आधी जाऊन ये."

पेटी कोपऱ्यात तशीच होती. उघडायचा कोणाला धीर झाला नव्हता. तिच्या खालच्या एका कोपऱ्यावर बोटाएवढा काळा डाग होता. रंजीता म्हणाली, गंज असेल.

मयुरीने झाकण उचलले. मोठी पुस्तके तळाशी, लहान वर, सगळ्यांच्या पाठी एकाच बाजूला. दर थरात कडुलिंबाचा पाला. पाला मलूल झाला होता, पण अजून हिरवा होता. काही मुखपृष्ठे पुसलेली दिसत होती. शिवणीत मात्र चिखलाची बारीक रेघ वाळून बसली होती.

"हे गुरुजींचं, आमच्या अध्यक्षांचं शिकवणं," रंजीता म्हणाली. महिन्याच्या सुरुवातीला सगळी पुस्तके उन्हात द्यायची, पाला घालून परत लावायची. पेटीही तशीच भरायची. मुखरू गुरुजी, पत्रू आणि ती, तिघांनाच ते जमे. "पण पाला वाळलेला लागतो. ओल्याचे डाग पडतात."

"परत येताना पत्रूभाऊ अशीच लावून आणायचे?"

"छे. पोरं हातात देतील तशी कोंबून आणायचे. मी इथे लावायची."

"मंग या खेपेले कोनं लावली, भुतानं?" मामा म्हणाले.

रविवारी सकाळी पत्रूला पहिल्यांदा पाहणारा सुरज तिथेच रस्त्याकाठी शेती करायचा. त्याच्या कुंपणातून टिक्‌ टिक्‌ आवाज येत होता. मामांनी मयुरीला कोपर मारले. सुरजच्या ते लक्षात आले.

"सोलरची झटका मशीन आहे, मामा. डुक्कर पळते, मरत नाई. हात लावून पाहता का?"

मामांनी हात खिशात घातला.

सुरजने जागा दाखवली. कोरडा मुरूम, वाळके गवत. चिखल कुठेच नव्हता. पोलिसांना कळवावे असे त्याला वाटले होते, पण मुखरू गुरुजीच म्हणाले, गरिबाची चिरफाड कशाले करता. वाचनालयाच्या अध्यक्षांचा शब्द, कोण मोडणार?

कोसमटोल्याची पायवाट गुरुजींच्याच शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून येत होती. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत अजून पाणी होते. वाटेवर एकच कडुलिंब, गुरुजींच्या विहिरीजवळ. पंपाची वीज तिथेच आलेली. मामा धुऱ्यावर वाकले.

"खेकड्याची बिळं. भाजून लई मस्त लागते."

बिळे एका ओळीत होती, सारख्या अंतरावर.

"मामा, खेकडे दोरी लावून बिळं करत नाहीत," मयुरी हळूच म्हणाली.

गुरुजी ओसरीवर बसले होते. समोर ताट तसेच होते. गावात वाचनालय त्यांनीच उभे केले, पेटीही त्यांचीच कल्पना. पत्रूसारखा माणूस मिळणार नाही, म्हणाले. त्या शनिवारी शेताकडे गेलोच नव्हतो, हेही म्हणाले, कोणी विचारले नसताना.

रविवारी लोक यायच्या आधी मयुरीने गुरुजींना वाचनालयात बोलावले. रंजीता होती. सुगंधाबाई दाराशी बसली होती, दीपिका तिच्या पाठीमागे. मयुरीने पेटी मधोमध ठेवली.

"गुरुजी, चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "पत्रूभाऊंच्या तोंडाला चिखल होता आणि सापडले कोरड्या जागी. म्हणजे ते पडले दुसरीकडे. वाटेवर चिखल तुमच्या धुऱ्यालगत आहे. तिथली भोकं खुंट्यांची. खुंट्यांवर तार होती, रानडुकरांसाठी, पंपाच्या विजेची. पत्रूभाऊ तारेत अडकले, डोक्यावरची पेटी पडली आणि तिचा कोपरा तारेला लागला. हा डाग गंजाचा नाही, जळल्याचा आहे."

मामा डागाकडे पाहत खाली बसले.

"पेटी उघडून पुस्तकं चिखलात पडली. कोणीतरी ती पुसून पुन्हा भरली. पत्रूभाऊ परतताना पेटी लावत नसत, आणि लावायला शिकलेली माणसं तीनच. रंजीताकडे वाळलेला पाला असतो. इथे हिरवा आहे, आणि वाटेवर कडुलिंब एकच. दारू तोंडाला नव्हती, सदऱ्याला होती. ती नंतर शिंपडली. ठाण्यात मी कळवलं आहे. पण हे आधी या बाईंना कळायला हवं होतं."

गुरुजींनी नाकारले नाही. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पेटी पुढच्या शनिवारी, हेच डोक्यात होतं," ते म्हणाले. "पेटीच्या दिवशी मी तार कधीच लावत नसे. या वेळी आधी पाठवायचं बैठकीत ठरलं, तेव्हा मी तिथेच होतो, आणि विसरलो. दुपारी तार जोडून घरी आलो. दिवस मावळताना गेलो तेव्हा तो बांधीत पालथा होता. सगळं संपलं होतं."

बैलबंडीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणले, गुरुजी सांगत गेले. पुस्तके अंधारात चाचपडत गोळा केली, खांद्याच्या दुपट्ट्याने पुसली. हात आपोआप पाला तोडून थर लावत गेले. आपण काय करतो आहोत हे पेटीचे झाकण लागल्यावर समजले.

"आणि दारू?" रंजीताने विचारले. तिला रडू आवरत नव्हते.

"लोकांनी पुढं काही विचारू नये म्हणून."

बाहेर चपलांचे आवाज येऊ लागले. लोक येऊन सतरंज्यांवर बसले. गुरुजी दर महिन्यासारखे उभे राहिले, हात जोडले. पत्रू प्यायला नव्हता, असे ते म्हणाले. मग तारेपासून दारूपर्यंत सगळे सांगितले. मागच्या रांगेत सुरज होता, त्याने टोपी काढली. कोणी हसले नाही.

गुरुजी खाली वाकून सुगंधाबाईच्या पायाशी हात नेऊ लागले. तिने पाय आवरून घेतले.

"एकेक पुस्तक पुसलं तुमी, गुर्जी," ती म्हणाली. "त्याचं तोंड नाई पुसलं."

मग तिने दीपिकाचा हात धरला आणि तिला वाचनालयाच्या आत, पेटीजवळ नेऊन बसवले.