विसाव्याची जागा

नकाशावर पट्टी ठेवून ओढलेल्या रस्त्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. माणसं रोज जिथून चालतात तिथलं गवत मरतं आणि तोच खरा रस्ता. नगररचनेत इतकी वर्षं घालवून मी एवढंच शिकले, आणि हे मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगतही असे.

गोंदिया स्टेशनच्या मागच्या अंगाला बंद पडलेल्या राईस मिलची ऐसपैस जागा आहे. तिथं स्टेशनपासून पायी पोचता येईल अशी वस्ती वसवायची होती. खाली दुकानं, वर घरं, शाळा आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर, आणि मधून फक्त चालणाऱ्यांसाठी एक रस्ता. आराखडा माझ्याकडे आला. मी मूळची दवनीवाड्याची, त्यामुळे घरचं कार्य असल्यासारखं ते काम मी अंगावर घेतलं.

त्याला आणखी एक कारण होतं. आई गेल्यावर बाबूजींना मी गावाहून स्टेशनजवळच्या माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. त्यांचं नाव नत्थूलाल. नत्थूलाल म्हटलं की धानाच्या बांध्यांवरून दिवसभर फिरणारा माणूस, असं गावात कुणीही सांगेल. तो माणूस सोफ्यावर बसून वाळत चालला होता. खाली पाऊल टाकलं की मोटारसायकली अंगावर यायच्या. हा रस्ता मला आधी त्यांच्यासाठी हवा होता. कुठल्याही बैठकीत मी हे बोलले नाही, पण खरं तेच होतं.

मिलच्या आवारात मला पायवाट सापडली आणि मी हरखले. स्टेशनच्या पादचारी पुलाच्या पायथ्यापासून ती थेट जुन्या तलावापर्यंत जात होती. जमीन मळून घट्ट झालेली, दोन्ही बाजूंना कोंड्याचे काळे पडलेले ढीग. मधे एके ठिकाणी वाट खळ्यासारखी रुंद झाली होती. लोक तिथं थांबत असणार. मी लगेच त्या जागेवर बाक आखला.

माझी सहकारी डिंपल वाटेवरची वर्दळ मोजायला दिवसभर बसली. संध्याकाळी तिचं तोंड उतरलं होतं.

"ताई, कोणीच नाही आलं. कुत्रंसुद्धा नाही."

पण वाटेवरची धूळ ताजी तुडवलेली होती. मी वाकून बघितलं. अनवाणी पावलं होती, पुष्कळ, आणि सगळ्यांचे अंगठे तलावाकडे. परतीचं एकही पाऊल नव्हतं. येताना लोक बाजारातून येत असतील, मी म्हटलं. डिंपल कुठंतरी चहा प्यायला गेली असेल, हेही मनात म्हटलं. आमच्या धंद्यात स्पष्टीकरणांना तोटा नसतो.

लोकांच्या हरकती ऐकायच्या दिवशी भैय्यालाल नावाचे किराणा दुकानदार उभे राहिले.

"मॅडम, बाकी सब ठीक. पन ती मयताची वाट हाय. रेल्वेपल्याडच्या वस्तीतली मयत तिथूनच तलावाच्या घाटावर जात होती. जिथं तुम्ही बेंच टाकून राहिल्या ना, तिथं तिरडी टेकवत होते. खांदे बदलाले."

"घाट बंद कधी झाला?"

"माह्या बापाच्या जमान्यात."

"मग आता ती वाट मळतंय कोण?"

"वही तो बात है, मॅडम," ते म्हणाले आणि खाली बसले.

सभागृहात कुणी हसलं नाही. मी मात्र हसले. विसाव्याची जागा विसाव्यालाच ठेवतेय, मी म्हटलं, त्यात वाईट काय?

नमुना म्हणून रस्त्याचा तेवढा तुकडा आधी बांधून झाला. फरशी, दोन्ही बाजूंना कडुलिंबाची रोपं, मधे लांब बाक. बाबूजी दुपारचे तिकडे जाऊ लागले. आठवड्याभरात त्यांना भूक लागायला लागली. ते मला हाका मारू लागले, धान रोवण्याच्या गोष्टी सांगू लागले. मला इतकं बरं वाटलं की एकदा स्वयंपाकघरात जाऊन रडले.

"कोणी भेटतं का तिथं?"

"भेटतात ना. मस्त मानसं हायेत. थांबतात, बोलतात, जातात."

मग एकदा अंघोळीनंतर त्यांच्या उजव्या खांद्यावर वळ दिसला. लाल, आडवा, जाड दोरी घासल्यासारखा.

"हे काय झालं, बाबूजी?"

"मानूस कमी पडून राहिला त्यायले."

"कशाला?"

"खांद्याले. आता मयतीले कोनी नाई म्हनते का, पोरी?"

नाहीच म्हणत. आमच्या गावात वैऱ्याच्या तिरडीलाही खांदा देतात.

दुसऱ्या दुपारी मी काम टाकून गेले. ऊन लख्ख होतं. बाबूजी बाकाच्या शेजारी उभे होते आणि बाक रिकामा होता. ते वाकले. हात उजव्या खांद्याशी नेला. मग सरळ झाले, पण पूर्ण सरळ नाही.

आणि चालू लागले. सावकाश, कुणाच्या तरी पावलात पाऊल मिळवत.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

मी धावले. बाकापाशी ओल्या बांबूचा वास होता. आजूबाजूला बांबूचं एकही बेट नव्हतं.

बाबूजी तलावाकडे जात राहिले. मी तिथूनच परतले, आणि याची मला आजही चीड येते.

संध्याकाळी ते आपले आपण घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना आत ठेवून घराला कुलूप घालू लागले. बाबूजी बोलेनासे झाले, मग जेवेनासे झाले. "तिकडं ते थांबून राहिले असतील," एवढंच म्हणायचे. अंगावरची हाडं दिसू लागली तेव्हा मी हरले आणि कुलूप काढलं. बाक उखडायला मात्र अर्ज करून ठेवला. मंजुरी यायची होती.

काल संध्याकाळी घरी आले तर बाबूजी खुर्चीत बसलेले. चेहरा शांत. मी सदऱ्याची भिजलेली कॉलर बाजूला करून पाहिली. खांदा स्वच्छ होता. जुना वळही नव्हता.

"आज गेला नव्हता?"

"गेलतो ना."

"मग आज खांदा नाही दिला?"

"आज मले उचलाचं नव्हतं. म्हनले, दादा, आज तुमी निजा बाकावर."

"मग घरी कसे आलात?"

"त्यायनंच आनून देलं. म्हनले, पोरीले भेटून घ्या."

बाहेर दुपारपासून पावसाची झड लागली होती. मी खाली बसून त्यांचे पाय हातात घेतले. तळवे कोरडे होते.