वकीलसाहेब उठले नाहीत

"ही काकांची खुर्ची आहे," स्टेडियममधल्या शेजारच्या खुर्चीवरून तो म्हणाला.

"काका माझे वडील. त्यांनीच पाठवलंय."

ती ओल्या खुर्चीवर बसणार, इतक्यात त्यानं गळ्यातला क्लबचा मफलर काढून खुर्ची पुसली. या मफलरला तो घरी कुणाला हात लावू देत नसे. ओळख इथूनच झाली, असं धरायला हरकत नाही.

पक्षाघातानं वडिलांची डावी बाजू गेली होती. मॅच बघायची आणि घरी जाऊन त्यांना सांगायची, एवढंच तिचं काम. दिवसभर चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या मुलीला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारी मात्र जाणकार मिळाला. पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पण स्टँडमध्ये सगळे त्याला वकीलसाहेब म्हणत. कारण क्लबच्या अध्यक्षांना कोच बदलायची भारी हौस, आणि काढलेल्या प्रत्येक कोचचं वकीलपत्र यानं घेतलेलं. संघ जरा हरायला लागला की कोच घरी. मग वकीलसाहेब खुर्चीवर उभे राहून घसा फोडत – अहो, जरा वेळ द्या माणसाला!

तिचं मन त्या ओरडण्यावरच जडलं. परक्यासाठी जो इतका भांडतो, तो आपल्या माणसासाठी... पुढचं ती मनातही पुरं करत नसे.

एकदा, हरलेल्या मॅचनंतर, स्टँड रिकामा होत असताना त्यानं लग्नाचं विचारलंच.

"बाबा काठी घेऊन चालायला लागू देत," ती म्हणाली. "थांबशील ना?"

"या क्लबसाठी इतकी वर्षं थांबलोय मी – तुझ्यासाठी नाही थांबणार?"

युक्तिवाद बिनतोड होता. ती हसली... बोटाला बोट लागलं, ते दोघांनीही काढून घेतलं नाही.

हिवाळा सरला. बाबा सुधारत होते, पण फार सावकाश. तिकडे त्याची आई रोज एका मुलीचा फोटो पुढे करायची. आधी तो ते हसून सांगे, मग नुसतं सांगे, मग सांगेनासा झाला. तिच्या लक्षात आलं होतं. पण विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणून तिनं विचारलं नाही.

मोसमातल्या शेवटच्या मॅचला, मध्यंतरात, लाउडस्पीकरवर घोषणा झाली – याही कोचला काढलं. सगळा स्टँड खवळून उभा राहिला. वकीलसाहेब तेवढे बसलेले.

"ऊठ ना. तुझ्या अशिलाला काढलंय."

तो बुटांकडे बघत राहिला. "'वेळ द्या' म्हणायला मला तोंड नाही," म्हणाला. आणि जरा वेळानं – "रविवारी घरच्यांनी ठरवून टाकलं. मी... हो म्हटलं."

"बाबा काल दारापर्यंत चालले," ती म्हणाली. "आज मी सांगणारच होते तुला."

मग ती उठली आणि सगळ्यांबरोबर ओरडू लागली, अध्यक्षांच्या नावानं, आवाज फाटेपर्यंत. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पुढच्या रांगेतले आजोबाही रडत होते, पलीकडचा दाढीवाला ड्रायव्हरही. त्यामुळे तिचं रडणं खपून गेलं.